तांब्या सोडून

थांबा, हातातलं सगळं बाजूला ठेवा, मला एक गोष्ट आत्ताच्या आत्ता सांगायचीय. उद्या सांगून काही उपयोग नाही. उद्या आमच्या अप्पांची प्रवासाची पिशवी उघडणार, आणि एकदा ती उघडली की मी काहीही म्हटलं तरी माझा भाऊ राजू म्हणणार, "हॅ! बघून सांगतीयास." म्हणून आज, पिशवी खुंटीवर बंद असतानाच, हे टाइप करून ठेवतेय. माझी मैत्रीण विमल हा कागद दुपारी कॉलेजात नेऊन भित्तिपत्रकाच्या बोर्डावर लावणार आहे. म्हणजे वाचणारे तुम्ही सगळे माझे साक्षीदार. पण बोलायचंय मला अप्पांशी. तुम्ही नुसतं उभं राहून ऐका.

अप्पा, मला कळलं. बहुतेक कळलं. पिशवीत काय आहे ते.

उद्या तुमचं तेरावं. आत्याला "चिंच संपली, घेऊन येते" असं सांगून बाहेर पडले आणि थेट टायपिंग क्लासात आले. सर बघतच राहिले. म्हणाले, "अगं मंदा, तू? सुतकात?" मी म्हटलं, "सर, एक तास मशीन द्या, काय लिहितेय ते विचारू नका." त्यांनी खिडकीजवळचं दिलं. आता मी अशी बडवतेय की मघाशी एकदा म्हणाले, "सावकाश बाई, मशीन आहे ते, हलगी नाही." चुका होतील. होऊ देत. मागं जाऊन पुसत बसायला वेळ नाही.

अप्पा, या लोकांना आपला खेळ माहीत नाही, तेवढा सांगते आधी.

तर, आमचे अप्पा जॉबर. म्हणजे कारखान्यात माग बसवणारे, बिघडलेला माग परत चालू करणारे. सोलापुरातले माग तर होतेच, पण इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, कुठून कुठून बोलावणं यायचं. मग खाकी पिशवी भरायची, आठवडा-पंधरा दिवस गायब व्हायचं, आणि यायचं ते आमच्यासाठी काहीतरी घेऊन. सगळ्यांचेच वडील आणतात. पण आमच्या घरी हातात द्यायची पद्धत नव्हती. अप्पांनी पाय धुवायचे, चहा घ्यायचा, आणि मग पिशवी मधल्या खोलीत ठेवून तिच्यावर चादर टाकायची. चादरीखालून एकेकानं हात घालायचा आणि चाचपून ओळखायचं. तीन डाव. बोललेला डाव परत घ्यायचा नाही. ओळखलं तर तुझं. तिन्ही चुकले तर दुसऱ्याचं. बाहेरून पिशवी दाबून बघायची नाही. आणि एक जण साक्षीला पाहिजेच.

"हे कुठनं काढलंत हो खेळाचं?" असं मी किती वेळा विचारलं तुम्हाला. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर. एकदा म्हणालात, तुमच्या वडलांनी शिकवला. एकदा म्हणालात, पोरं अंगावर येऊन पिशवी फाडायला लागली म्हणून काढला. आणि एकदा, मी नववीत असताना, म्हणालात, "मागाचं बी असंच असतं मंदे. डोळं मिटून हात ठेवायचा. कुटं दुखतंय ते हाताला आदी कळतं, डोक्याला मागनं." मला तेच खरं वाटत आलंय. पण पहिल्या दोन्हीपैकी एक खरं असलं तरी मला चालेल. कुठलं खरं होतं, अप्पा?

आणि आता मुख्य नियम. तांब्या सोडून.

तुमचा तो फिरकीचा तांब्या. पितळी, पोटाला पोचा आलेला, वर आट्यांचं झाकण. पिशवीत सगळ्यात वर तोच. परगावचं पाणी तुम्ही दुसऱ्याच्या भांड्यातून कधी प्यायला नाहीत, जिथं जाल तिथं आधी तो तांब्या भरून घ्यायचा. त्यामुळं चादरीखाली हात घातला की पहिल्यांदा गार पितळच लागायचं. मी पाच-सहा वर्षांची असेन, ओरडले होते, "तांब्या! तांब्या! ओळखला!" तुम्ही म्हणालात, "तो माजा हाय. तांब्या सोडून बोल." तेव्हापासून नियमच झाला तो. राजू तर हात घालतानाच म्हणायचा, "तांब्या सोडून, तांब्या सोडून," मंत्रासारखं. हाताला पितळ लागलं की हात आपोआप बाजूनं खाली सरकायचा. विचारच करायचा नाही त्याचा.

काय काय निघालं त्या पिशवीतून! पत्र्याचा बेडूक, दाबला की टक् टक् वाजणारा. आईनं दोन दिवसांत तो उतरंडीच्या मागं लपवला. धारवाडचे पेढे, जे मी ओल्या मातीचे गोळे म्हणून ओळखले आणि राजूला गेले, आणि त्या माकडानं एकसुद्धा दिला नाही. मग रात्री तुम्ही आईच्या वाट्याचे काढून दिलेत. तुमचा दाढीचा ब्रश मी "उंदीर!" म्हणून किंचाळून सोडला होता, तेव्हा आईसुद्धा चुलीपुढनं उठून आली, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी.

आणि ती बाटली. भिवंडीहून आला होतात. मी औषध म्हटलं, मग तेल म्हटलं, मग सरबत म्हटलं. तिन्ही चुकले. निघालं काय, तर समुद्राचं पाणी. एक रविवार सुट्टी मिळाली, मुंबईला गेलात आणि बाटली भरून आणलीत. वाड्यातली सगळी पोरं एकेक बोट बुडवून चाटून गेली. त्या वर्षी आपल्या नळाला चार दिवसांनी पाणी यायचं, आई हंडे लावून बसायची. मी विचारलं, "किती असतं हे पाणी?" तुम्ही म्हणालात, "दिसतंय तितवर." मी विचारलं, "आणि पिता येत नाही?" "न्हाय." "मग लोक बघतात कशाला?" त्यावर तुम्ही बाटली उजेडात धरलीत. मग म्हणालात, "सांगता येत न्हाय गं. बगायला पायजे."

बघायला पाहिजे म्हणालात ना? मग तिथूनच सुरू झालं माझं. मला न्या.

किती वर्षं चाललं हे आपलं भांडण? मी आठवीत होते तेव्हापासून. तुम्ही पिशवी भरायला बसलात की मी समोर.

"अप्पा, मला न्या."

"कारखान्यात कुटं नेऊ तुला? म्या मागाखाली पोतं टाकून झोपतो."

"मी पण पोत्यावर झोपेन."

"लई शाणी. आन लोकं काय म्हणतील, जॉबरनं पोरगी आनलीया मदतीला?"

"म्हणू देत. पाना पक्कड देईन की हातात."

आई आतून ओरडायची, "तिला नादी लावू नका हं!" जसं काही मीच नादी लागले नव्हते.

मला नेमकं काय बघायचं होतं, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. तुम्ही आणलेल्या वस्तू छान असायच्या, खरंच. पण वस्तू आली की मला आधी वाटायचं, ही जिथं होती ते दुकान कसलं? दुकानदार कसा बोलत होता? शेजारी काय होतं? तुम्ही सांगायचात, पण तुम्ही सांगायचात कसं, तर, "बाजार हाय की. बाजारावानी बाजार." काय करायचं अशा माणसाचं! धा गावं फिरला आणि बाजारावानी बाजार!

टायपिंगला घातलंत तेव्हा म्हणालात, "शिक. नोकरी लागंल. मग तुज्या पैशानं तूच हिंड, मला बी ने." मला राग आला होता त्याचा. टाळताय असं वाटलं. आज तेच टायपिंग बडवत बसलेय आणि राग पुन्हा येतोय, आणि त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी येतंय, त्याला काय म्हणायचं मला माहीत नाही.

या शेवटच्या खेपेला, इचलकरंजीला निघालात, तेव्हा मी म्हटलं, "यावेळी काही आणू नका. मी आता लहान नाही. आणायचाच असेल तर मला न्यायचा विचार घेऊन या."

तुम्ही पिशवीचा बंद आवळत होतात. मान वर न करता म्हणालात, "तो कुटल्या पिशवीत बसंल?"

एस.टी. चुकेल म्हणून तुम्ही निघालात.

आलात तेव्हा दमला होतात. मला तर नुसते दमलेलेच वाटलात. पाय धुतलेत, चहा घेतलात, आणि माझ्याकडं न बघता चादर मागवलीत. राजू धावला. त्यानं आधी हात घातला. पहिल्याच डावात, "लगोरीचा चेंडू!" बरोबर. मग माझा नंबर. आढेवेढे घेणार होते, पण तुमचा चेहरा असा काही गंमतशीर झाला होता की बसले.

हात घातला. गार पितळ. तांब्या सोडून. खाली सरकले. मळके कपडे. एक पुठ्ठ्याचा खोका. मी म्हटलं, "साबणाची पेटी." तुम्ही म्हणालात, "न्हाय." पुन्हा हात. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट, टणक. "छत्रीची मूठ." तुम्ही हसायला लागलात. इतके हसलात, इतके हसलात की ठसका लागला. आई पाणी घेऊन आली. पाणी पिऊन तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतंय, कारण तेव्हापासून मी दुसरं काहीच आठवत नाहीये:

"अगं, हात तितंच होता की तुजा! बरूबर जागी गेला हुता. काडलास कशाला?"

"कुठं? कुठं होता?"

"ते सांगितलं तर खेळ कसला?"

राजू नाचत होता, "एकच उरला! एकच उरला!" चुकले तर माझं जे काय होतं ते त्याला मिळणार होतं ना. मी म्हटलं, "तिसरा उद्या सांगते. विचार करून." असं याआधी कधी झालं नव्हतं, डाव उद्यावर ठेवायचं. राजू म्हणाला, चालणार नाही. तुम्ही म्हणालात, "चालतंय. सांग उद्या. म्या कुटं पळून चाललोय."

पिशवी खुंटीवर लावलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गेलात आणि मागाशेजारीच बसलात ते उठला नाहीत.

पुढचं लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. मला पिशवीचं लिहायचंय.

आत्या आली त्याच दिवशी तिनं बजावलं, "तेरावं हुईस्तवर त्याच्या पिशवीला कुनी हात लावायचा न्हाय." मी लावला नाही. राजूनंही नाही. पण येता-जाता दोघं बघायचो. एकदा तो हळूच म्हणाला, "ताई, तुजा एक डाव शिल्लक हाय न्हवं?" मी म्हटलं, "आहे." म्हणाला, "मग सांग की." मी म्हटलं, "सुचत नाहीये रे." आणि खरंच सुचत नव्हतं. हात कुठं होता? कपडे, खोका, ते लांबट फडकं, आणि तळाशी पाने-पकडी. तुमची हत्यारं तर मला माहीतच आहेत. कपडे तुमचेच. मग हात बरोबर जागी गेला म्हणजे कुठं गेला?

आता आज सकाळचं ऐका. (अप्पा तुम्हीही ऐका, वाचणाऱ्यांनो तुम्हीही.)

उद्याच्या जेवणासाठी आई अंगणात सगळी भांडी काढून चिंच लावत बसली होती. मी पाणी घालत होते. परात झाली, घागर झाली, ताटं झाली. आणि आईनं राखेत हात घालून पुढचं भांडं उचललं, तर तो तुमचा तांब्या. पोचा आलेला. तोच.

मी म्हटलं, "आई, पिशवी उघडली कुणी?"

"कुनी न्हाय. का?"

"मग हा इथं कसा?"

"हितंच हुता की. फिरकीचे आटे झिजलेत, पानी गळतंया. मागल्या येळंला समदी कापडं भिजली म्हनून न्हेलाच न्हाई ह्या खेपंला. ठेवला हुता फळीवर." आणि चोळायला लागली, जसं काही झालंच नाही.

अप्पा! माझ्या हातातलं पाणी माझ्याच पायावर सांडलं. तुमचा तांब्या घरी होता, फळीवर. मग त्या संध्याकाळी माझ्या हाताला लागलं ते पितळ कुणाचं होतं?

ते मी तुमचा म्हणून सोडलं. न बघता, न चाचपता. तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत ना, तांब्या सोडून, म्हणून हात पुढं सरकला. आणि तुम्ही बघत होतात! चादरीवरून माझा कोपर कुठं वळतोय ते तुम्ही बघत होतात, मी थांबले आणि सरकले हे तुम्हाला कळलं, म्हणून तर हसलात ठसका लागेपर्यंत. अप्पा, ही चीटिंग आहे! नियम तुमचा, लपवायला नियमच वापरलात! यावर मी तुमच्याशी आठवडाभर तरी भांडले असते. तुम्ही म्हणाला असता, "तुजा सोड म्हटलो हुतो का म्या? माजा सोडून म्हटलो हुतो."

पण आनंदानं उड्या मारायच्या आत माझ्या मनात दुसरं आलं. तुमचा तांब्या गळत होता. मग तुम्ही इचलकरंजीत स्वतःसाठी नवा घेतला असला तर? साधी गोष्ट आहे. माणूस प्रवासाला गेला, जवळ तांब्या नाही, बाजारात गेला, घेतला. मग तो तुमचाच. मग माझी वस्तू वेगळीच काहीतरी, आणि माझा डाव चुकला, आणि ते राजूचं. राजूचं झालं त्याचं काही नाही हो. पण मग तुम्ही मला उत्तर दिलं नाहीत, असं होईल. न्यायचं की नाही याचं. "कुटल्या पिशवीत बसंल" इथंच आपलं बोलणं संपलं, असं होईल. म्हणून मला भीती वाटतेय, आणि म्हणून आई-आत्याला काही न सांगता पळत आलेय.

मी आठवायचा प्रयत्न करतेय. ते पितळ केवढं होतं? तुमच्या तांब्याला माझ्या एका हाताचा वेढा बसत नाही. त्या संध्याकाळी बसला होता का? मशीनवरून हात उचलून, डोळे मिटून, हवेत धरून बघितला आत्ता. सर दारातून बघत होते, बघू देत. हात म्हणतोय, लहान होता. डोकं म्हणतंय, तुला तसं वाटावंसं वाटतंय म्हणून वाटतंय.

ठीक आहे. हाताचं ऐकते. माझा तिसरा डाव, सर्वांसमक्ष, परत न घेण्यासाठी:

फिरकीचा तांब्या. नवा. लहान. माझ्यासाठी.

म्हणजे प्रवासाला निघणाऱ्या माणसासाठी. दुसऱ्या कुणाला कशाला लागतो फिरकीचा तांब्या?

विमल आली. कागद देते. चिंच घ्यायचीय अजून.

*

(हा दुसरा कागद. कालच्याच्या खाली लावायचा.)

अप्पा, माणसं जेवून गेली. अंगण धुतलं. आत्यानं पिशवी खुंटीवरनं काढली आणि सरळ जमिनीवर उलटी करायला लागली. मी आणि राजू एकदमच ओरडलो, "आत्या, नको!"

"आगं बया! काय झालं?"

राजूनं पळत जाऊन चादर आणली. आत्याला काही कळेना. "ही काय थेरं मांडलीत? आज?" आई म्हणाली, "असू द्या वन्सं. त्यांचंच हाय ते." मग आत्यानं पिशवी खाली ठेवली.

मी राजूला कालच्या कागदाची कार्बन प्रत दिली. त्यानं शेवटचं मोठ्यानं वाचलं, बोटानं एकेक शब्द लावत, शाळेत वाचतात तसं. "फिर-की-चा तांब्या. नवा. ल-हान. माझ्यासाठी." वाचून माझ्याकडं बघितलं. "तांब्या सोडून असतंय ताई," म्हणाला. घाबरला होता, माझा डाव फुकट जाणार म्हणून. याच पोराला त्या दिवशी माझी वस्तू पाहिजे होती.

हात घातला. गार पितळ. या वेळी सोडलं नाही. बोटं फिरवली. पोट गुळगुळीत, पोचा नाही. गळा. झाकण. झाकणाला लहानशी कडी. हाताचा वेढा पुरता बसला, अप्पा, अंगठ्याला बोट टेकलं.

बाहेर काढला. नवा कोरा, पिवळाधमक. राजू "बरूबर! बरूबर!" करून नाचला आणि मग आज नाचायचं नसतं हे आठवून खाली बसला.

आत्यानं हातात घेऊन फिरवून बघितला. म्हणाली, आणि तिनं काही वाईट मनानं म्हटलं नाही, "सोताला घेतला असंल गं त्यानं. जुना गळत हुता म्हनता न्हवं? आन नाव बी घातलेलं न्हाय ह्याच्यावर."

तेच. अगदी तेच. नाव नव्हतं हे खरं होतं. आपल्याकडं नवं भांडं घेतलं की तिथंच नाव घालून घेतात, चमचासुद्धा सोडत नाहीत. मी राजूकडं बघितलं, आणि मला लख्ख कळलं की नाव का नाही. माझे तीन डाव झाले नव्हते ना! चुकले असते तर राजूला द्यायचा होता. नाव घातलं असतं तर खेळ खोटा झाला असता. तुम्ही खरंच दिला असता त्याला. तुम्ही तसेच होतात. पण हे मी आत्याला कसं पटवणार? हा माझा तर्क. तुमचा नव्हे.

तेवढ्यात आईनं तांब्या घेतला. आट्यांवर बोट फिरवून झाकण उघडलं, आत बघितलं, रिकामा. मग म्हणाली, "वन्सं, एवढ्याशा पान्यानं त्यांचं काय हुनार हुतं? हितनं टेसनापतूर जायला पुरलं नसतं. जेवताना दोन तांबे लागायचे माणसाला."

आत्या तांब्याकडं बघत राहिली. तिलाही तुमची तहान माहीत होती, लहानपणापासून. पदर डोळ्याला लावला आणि पहिल्यांदा, बारा दिवस सगळ्यांना सांभाळणारी आत्या, रडली.

राजू म्हणाला, "मग जुना मला. गळका असला तर असू दे." आईनं मान हलवली. तो उठून फळीवरून घेऊन आला आणि मांडीत धरून बसला.

मला तुम्हाला किती विचारायचंय, अप्पा. दुकानात गेल्यावर आधी मोठे बघितलेत की थेट लहानच मागितलात? दुकानदारानं विचारलं असेल ना, कुणासाठी? काय सांगितलंत? परतीच्या एस.टी.त पाणी प्यालात का त्यातून, की तहानलेलेच आलात नवा राहावा म्हणून? आणि ठरवलंत कधी? माझ्यासमोर बंद आवळताना ठरलं होतं, की वाटेत, की कुठल्याशा बाजारावानी बाजारात, हे भांडं दिसल्यावर? यातलं एकही मला कधीच कळणार नाही आणि मी विचारायचं थांबणारही नाही. तुम्हाला सवय आहे.

आईनं मग माठातून पाणी घेऊन तांब्या काठोकाठ भरला. झाकण आवळलं. पदरानं पुसला आणि माझ्या डोक्यावर धरून उलटा केला. आम्ही सगळे बघत होतो. थेंबसुद्धा पडला नाही.

"गळत न्हाय," आई म्हणाली. तीच आई, जी आतून ओरडायची, तिला नादी लावू नका म्हणून. तांब्या माझ्या हातात दिला आणि विचारलं, "बोल. कुटं जायाचंय तुला?"

अप्पा, इतकी वर्षं "मला न्या, मला न्या" करत भांडले, पण कुठं, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. तांब्या जड होता, गार होता, आणि मी तशीच उभी होते. आई म्हणाली, "विचार करून सांग. उद्या सांग," आणि आत गेली.

आता तुम्हाला विचारते, बोर्डापुढं उभं राहून वाचणाऱ्यांनो. तुमच्याही घरी कुणी ना कुणी गावाहून काहीतरी आणलं असेल. खरं सांगा, कधी असं झालंय का, की तुमच्यासाठी आणलेल्या वस्तूवर तुमचा हात पडला होता, आणि ही आपली नव्हेच म्हणून तुम्ही तो पुढं सरकवलात? झालं असेल तर खाली कोऱ्या जागेत लिहा. पेन्सिल दोऱ्यानं बांधून ठेवलीय. मला खरंच जाणून घ्यायचंय.